बॅटमॅनची प्रमाण प्रत

मुखपृष्ठावर मे १९३९ हा महिना छापलेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या सत्ताविसाव्या अंकात सहा पानांची एक गोष्ट आली आणि तिच्यातून वटवाघळाचा वेष घेतलेला, रात्री फिरणारा, दिवसा आळशी श्रीमंत म्हणून वावरणारा एक गुन्हेशोधक वाचकांपुढे प्रथम उभा राहिला. ‘बॅट-मॅन’ असे मधल्या जोडरेषेसह त्याचे नाव तेव्हा छापले जात असे. त्या अंकापासून आजपर्यंत त्याच्या गोष्टी सतत छापल्या जात आहेत. मार्च २०१९ मध्ये त्याच मासिकाचा हजारावा अंक निघाला. आणि मधल्या काळात चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी मालिका, अ‍ॅनिमेशनपट व संगणकीय खेळ यांतून त्याची इतकी रूपे घडली की त्यांतली काही परस्परांच्या शेजारी ठेवली असता ती एकाच माणसाची आहेत यावर विश्वास बसणे कठीण जाते. या रूपांपैकी एखादे प्रमाण आहे काय, म्हणजे इतर सर्व रूपे ज्याच्या कसोटीवर जवळची किंवा दूरची, खरी किंवा भ्रष्ट ठरवता येतील असे एखादे रूप दाखवता येते काय, हा येथे मांडावयाचा प्रश्न आहे. सर्वांत लोकप्रिय रूप कोणते, अथवा कलादृष्ट्या सर्वांत सरस रूप कोणते, हे प्रश्न याहून वेगळे आहेत. त्यांची उत्तरे मिळाली तरी प्रमाणाचा प्रश्न शिल्लक राहतो, कारण सरस गोष्ट ही मूळ पात्राशी प्रामाणिक असेलच असे नाही आणि लोकप्रियता तर दर पिढीला बदलते.

मराठी अभ्यासकाला ‘प्रमाण प्रत’ हा शब्द परका नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने विष्णू सीताराम सुखटणकर यांच्या संपादनाखाली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे जे काम उभे केले, ज्यातील आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले व जे अखेरीस १९६६ मध्ये सिद्धीस गेले, त्यामागेही हाच विचार होता. पाठचिकित्सा म्हणजे एका ग्रंथाच्या उपलब्ध पोथ्या ताडून, त्यांतील पाठभेद नोंदवून, मागाहून घातलेला प्रक्षिप्त मजकूर बाजूला काढून, शक्य तितक्या जुन्या पाठापर्यंत पोचण्याची पद्धत. आणि तिचे गृहीतक असे की जुने ते मुळाच्या जवळचे, व जे मुळाच्या जवळचे ते अधिक प्रमाण. बॅटमॅनच्या बाबतीत ही पद्धत अगदी सोपी व्हायला हवी होती, कारण येथे एकही पोथी हरवलेली नाही, प्रत्येक अंकावर महिना व साल छापलेले आहे, पाठांचा क्रम लावण्यासाठी तर्क करण्याची गरज नाही. तरीही ती येथे लागू पडत नाही, आणि का लागू पडत नाही हे पाहू लागल्यावरच प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. मूळ प्रत हाती असूनही तिला प्रमाण मानायला कोणी तयार नाही, अशी ही वाङ्मयीन परंपरा आहे.

त्या पहिल्या अंकातला बॅट-मॅन एका गुन्हेगाराला ठोसा मारून आम्लाच्या टाकीत पाडतो आणि त्याच्या मृत्यूबद्दल त्याला काडीचाही खेद होत नाही. त्याच्या हातमोज्यांचा रंग जांभळा आहे. त्याच्या शहराला गॉथम हे नाव मिळालेले नाही. त्याच्यापाशी गुहा नाही, सेवक आल्फ्रेड नाही, बालसाथीदार रॉबिन नाही, आणि आपण हे सारे कशासाठी करतो याचे कोणतेही कारण तो सांगत नाही, कारण ते कारण लेखकांनी अद्याप शोधलेले नव्हते. त्या गोष्टीचे कथानकही स्वतंत्र नव्हते. ‘द शॅडो’ या पल्प मासिकात, म्हणजे हलक्या कागदावर छापल्या जाणाऱ्या स्वस्त कथामासिकांपैकी एकात, १९३६ साली आलेल्या एका कादंबरिकेवरून ते बेतलेले होते. पुढच्या काही महिन्यांत हा नायक पिस्तूल वापरतो, चांदीच्या गोळ्यांनी रक्तपिपासू पिशाचांना मारतो, आणि १९४० च्या वसंतात निघालेल्या ‘बॅटमॅन’ या त्रैमासिकाच्या पहिल्या अंकात विमानावर बसवलेल्या मशीनगनमधून गुन्हेगारांच्या ट्रकवर गोळ्या झाडतो. या प्रसंगानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बॅटमॅनने यापुढे बंदूक वापरू नये व जीव घेऊ नये असे ठरवून दिले. त्याच अंकाच्या शेवटी जोकर हा खलनायक मरावयाचा होता. एल्सवर्थ यांच्याच सूचनेवरून तो जिवंत असल्याचे सांगणारी एक चौकट शेवटी जोडण्यात आली. बॅटमॅन कोणालाही ठार मारीत नाही आणि जोकर कधीच संपत नाही, या ज्या दोन गोष्टींवर पुढच्या आठ दशकांतल्या कित्येक उत्तम कथा उभ्या आहेत, त्या दोन्ही अशा रीतीने जन्मदात्यांच्या हातून आलेल्या नसून एका संपादकाच्या व्यवहारी निर्णयातून आलेल्या आहेत. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर त्या प्रक्षिप्त आहेत. पण त्या काढून टाकल्या तर हाती जे उरते त्याला आजचा कोणताही वाचक बॅटमॅन म्हणणार नाही.

जन्मदाते कोण, हा प्रश्नही सरळ नाही, आणि त्याकडे केवळ श्रेयाचा तंटा म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. बॉब केन यांनी वटवाघूळ-नायकाची कल्पना प्रथम रेखाटली तेव्हा त्याच्या डोळ्यांवर साधा लहान मुखवटा होता आणि पाठीला ताठ पंख होते. डोके झाकणारे कानांचे शिरस्त्राण, पंखांऐवजी झुळझुळणारा झगा, करड्या रंगाचा पोशाख, हातमोजे, ब्रूस वेन हे नायकाचे खरे नाव, पुढे गॉथम हे नगरनाम, आणि पहिल्या कथेचे लेखन हे सर्व बिल फिंगर यांचे. कंबरपट्टा व वटवाघळाच्या आकाराचे फेकअस्त्र या गोष्टी गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेल्या सुरुवातीच्या अंकांतून आल्या. करार मात्र केन यांनी एकट्यांनी केला, आणि जेरी रॉबिन्सन, डिक स्प्रँग, शेल्डन मोल्डॉफ अशा चित्रकारांनी वर्षानुवर्षे काढलेली पाने केन यांच्याच सहीने छापली जात राहिली. फिंगर १९७४ च्या जानेवारीत निवर्तले. त्यांचे नाव निर्माता म्हणून अधिकृतपणे झळकायला २०१५ साल उजाडावे लागले. ज्या परंपरेत खुद्द निर्मात्याचे नाव पाऊणशे वर्षे चुकीचे छापले गेले, तिच्यात ‘निर्मात्याला अभिप्रेत असलेला बॅटमॅन’ असे म्हणून कोणाचा अभिप्राय पुढे करायचा, हे ज्याने-त्याने आधी स्वतःला विचारले पाहिजे. एका माणसाचा अभिप्राय प्रमाण मानण्याची सवय कादंबरीच्या वाचनातून आलेली आहे. कॉमिक बुकांच्या कारखान्यात, जिथे लेखक, पेन्सिलीने आरेखन करणारा, त्यावर शाई फिरवणारा, अक्षरे लिहिणारा, रंग भरणारा आणि संपादक असे अनेक हात एका पानावरून फिरतात, तिथे ती सवय प्रत्यक्ष श्रम करणाऱ्यांना झाकून टाकते.

मासिकाच्या बाहेरून आलेल्या गोष्टींचा हिशेब मांडला तर चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. आल्फ्रेड १९४३ मध्ये मासिकात आला तेव्हा तो जाडा व काहीसा विनोदी होता. त्याच वर्षी कोलंबिया कंपनीने काढलेल्या पंधरा भागांच्या चित्रपटमालिकेत ही भूमिका सडपातळ बांध्याच्या विल्यम ऑस्टिन यांनी केली, आणि काही महिन्यांतच मासिकातला आल्फ्रेडही सडपातळ व मिशी राखलेला झाला. भिंतीतल्या उंच घड्याळामागून खाली उतरणारी वटवाघळांची गुहा हीसुद्धा त्याच चित्रपटमालिकेची देणगी आहे. याहून अधिक बोलके उदाहरण मिस्टर फ्रीझ या खलनायकाचे आहे. १९५९ मध्ये तो मिस्टर झीरो या नावाने एका किरकोळ गोष्टीत आला. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याचे नाव बदलले. आणि १९९२ च्या अ‍ॅनिमेशन मालिकेतील ‘हार्ट ऑफ आइस’ या भागासाठी पॉल डिनी यांनी त्याला नोरा ही आजारी, गोठवून ठेवलेली पत्नी दिली व तिच्यासाठी झुरणारे मन दिले. मासिकाने हे शोकात्म रूप उचलले, कारण त्याच्या तुलनेत आधीचे रूप पोकळ होते. २०१२ मध्ये एका कथेने ही पत्नी त्याची पत्नीच नव्हती, तो केवळ त्याचा भ्रम होता असे ठरवून पाहिले; तो बदल टिकला नाही आणि काही वर्षांत नोरा पुन्हा त्याची पत्नी झाली. मालकी तीच, मासिक तेच, छापील अधिकृतता तीच, आणि तरीही एक बदल रुजला व दुसरा रुजला नाही. असे का व्हावे, याचे उत्तर अधिकृततेत सापडत नाही.

या परंपरेचा गाभा ज्या एका रात्रीत आहे असे सर्वच मानतात, त्या रात्रीचा इतिहास यासाठी सावकाश पाहणे उपयुक्त आहे. ब्रूस वेन लहान असताना त्याच्या आईवडिलांची त्याच्या डोळ्यांदेखत हत्या झाली, ही घटना पहिल्या अंकात नाही. ती नोव्हेंबर १९३९ च्या तेहतिसाव्या अंकात, सुमारे दोन पानांत, फिंगर यांनी सांगितली. चित्रपट पाहून कुटुंब घरी परतत आहे, एक चोर गळ्यातला हार मागतो, गोळ्या झाडल्या जातात, मुलगा मेणबत्तीच्या उजेडात शपथ घेतो. खुनी अनामिक आहे, गल्लीला नाव नाही, चित्रपटाला नाव नाही. १९४८ मध्ये फिंगर यांनीच या खुन्याला जो चिल हे नाव दिले आणि एक विलक्षण प्रसंग लिहिला: बॅटमॅन त्याच्यापुढे मुखवटा काढतो, घाबरलेला चिल आपल्या साथीदारांकडे धावत जाऊन बॅटमॅन आपल्यामुळे घडला हे सांगतो, आणि तेच साथीदार, ज्यांचे आयुष्य बॅटमॅनने नासवले ते, त्याला गोळ्या घालतात. १९५६ मध्ये पुन्हा फिंगर यांनीच दाखवले की चिल हा लू मॉक्सन नावाच्या गुंडाचा भाडोत्री मारेकरी होता, व खून लुटीसाठी नव्हे तर सूडापोटी झाला होता. म्हणजे ज्याने ही रात्र निर्माण केली त्या एकाच लेखकाने तिला सतरा वर्षांत तीन वेगळे अर्थ दिले. पहिल्यात जगातील अंधळा अपघात आहे, दुसऱ्यात काव्यगत न्याय आहे, तिसऱ्यात कारस्थान आहे. यांतला मूळ अर्थ कोणता हे फिंगर यांना विचारून ठरले असते असे मानण्यास आधार नाही.

पुढच्यांनी त्या गल्लीला एकेक वस्तू दिली. १९७६ मध्ये डेनिस ओ’नील यांनी तिला ‘क्राइम अ‍ॅली’ म्हणून नाव दिले, दरवर्षी त्याच रात्री बॅटमॅन तेथे परत जातो असे सांगितले, आणि त्या रात्री पोरक्या मुलाला धीर देणाऱ्या लेस्ली थॉम्पकिन्स या वृद्ध स्त्रीची व्यक्तिरेखा घातली. या परंपरेतील हळुवारपणाचा जो मोजका अंश आहे त्यातला बराच त्या एका कथेचा आहे. १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांनी तुटून विखुरणाऱ्या मोत्यांचे चित्र दिले व चित्रपटाला ‘द मार्क ऑफ झोरो’ हे नाव दिले. मुखवटाधारी झोरोच्या मूकपटाचा आपल्या नायकावरील प्रभाव केन यांनी स्वतः सांगितलेला होता. मिलर यांनी लेखनामागचा तो प्रभाव उचलून कथेतल्या मुलाच्या डोळ्यांपुढे ठेवला, आणि आज बहुसंख्य वाचकांना तो तपशील पहिल्यापासूनचाच वाटतो. १९८९ च्या टिम बर्टन यांच्या चित्रपटात खुनी म्हणून तरुणपणीचा जोकर दाखवला गेला. १९९४ मध्ये प्रकाशकाने केलेल्या कथा-इतिहासाच्या फेरमांडणीत खुनी कधीच सापडला नाही असे ठरले. बारा वर्षांनी पुढच्या फेरमांडणीत जो चिल परत आला. २००५ मध्ये ख्रिस्तोफर नोलन यांनी चित्रपटगृहाऐवजी संगीतनाट्यगृह दाखवले आणि वटवाघळांसारख्या आकृत्यांना भ्यालेल्या मुलाच्या हट्टामुळे कुटुंब लवकर बाहेर पडते असे योजून त्या रात्रीत अपराधभाव मिसळला. २०२२ मध्ये मॅट रीव्ह्‌ज यांनी ती हत्या पडद्यावर दाखवलीच नाही. प्रेक्षकाच्या मनात ती असणारच, हे त्यांनी जाणले होते.

या सगळ्यांहून टोकाचा फरक २०११ च्या ‘फ्लॅशपॉइंट’ या कथामालिकेत झाला, जिच्यात गल्लीत मुलगा मरतो, वडील थॉमस वेन बॅटमॅन होतात आणि दुःखाने वेडी झालेली आई मार्था जोकर होते. घटनेची सर्व पात्रे येथे उलटीपालटी झाली, तरीही वाचकाला ही बॅटमॅनचीच कथा आहे याबद्दल क्षणभरही शंका येत नाही. खुनी कोण, चित्रपट कोणता, हेतू कोणता, एवढेच नव्हे तर मेला कोण हेही बदलून चालते, असे या उदाहरणावरून दिसते. चालत नाही ते फक्त त्या गल्लीतून काहीच न घेता बाहेर येणे. हरवलेल्या माणसाच्या जागी एक व्रत उभे राहते आणि ते व्रत कधीही पुरे होणार नसते, हा संबंध जोवर शाबूत आहे तोवर तपशील लवचीक राहतात.

प्रकाशकाने या प्रश्नाला दिलेले उत्तर वेगळ्या प्रकारचे आहे. कॉमिक बुकांच्या व्यवहारात ‘कंटिन्युइटी’ म्हणजे कथासातत्य या शब्दाने असा नियम सुचवला जातो की छापलेल्या सर्व गोष्टी एकाच जगात, एकाच कालक्रमात घडलेल्या मानाव्यात. पण १९३९ मध्ये प्रौढ असलेला नायक १९६० मध्ये तरुण कसा, ही अडचण लवकरच आली, आणि १९६१ मध्ये ‘फ्लॅश’च्या एका कथेतून समांतर पृथ्वींची कल्पना पुढे आल्यावर जुन्या काळचा बॅटमॅन ‘अर्थ-टू’ या दुसऱ्या पृथ्वीवर राहतो असे मानले गेले. तेथे त्याने सेलिना काइलशी, म्हणजे कॅटवुमनशी, लग्न केले, त्यांना हेलेना नावाची मुलगी झाली, आणि १९७९ मध्ये तो तेथे मरणही पावला. १९८५–८६ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकी मालिकेने सर्व पृथ्वी एकत्र करून इतिहास नव्याने सुरू केला. त्यानंतर १९९४, २००६, २०११ व २०१६ मध्ये अशाच लहानमोठ्या फेरमांडण्या झाल्या. प्रमाण इतिहास ठरवण्याचे अधिकृत प्रयत्न इतक्या वेळा करावे लागले, यावरूनच त्यांचे सामर्थ्य किती होते ते समजते.

कथासातत्याच्या नियमाबाहेर राहूनही एखादी कृती किती खोल जाऊ शकते, हे ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ या मिलर यांच्या १९८६ च्या चार भागांच्या कथेने दाखवले. पंचावन्न वर्षांच्या, निवृत्त झालेल्या बॅटमॅनची ही कथा संभाव्य भविष्यातली होती आणि चालू मासिकावर तिचे कोणतेही बंधन नव्हते. तिच्यात दुसरा रॉबिन, जेसन टॉड, पूर्वी कधीतरी मेला असल्याचा ओझरता उल्लेख होता. मासिकात तर तो तेव्हा जिवंत होता. दोन वर्षांनी प्रकाशकाने दूरध्वनीवरून वाचकांचे मत मागवले की जोकरच्या हल्ल्यातून जेसनने वाचावे की नाही, आणि ५,२७१ विरुद्ध ५,३४३ मतांनी, म्हणजे बहात्तर मतांच्या फरकाने, त्याला मृत्यू मिळाला. कल्पित भविष्याची सावली वर्तमानावर पडली असे याबाबत म्हणता येते. चित्रकार जिम अ‍ॅपॅरो यांनी दोन्ही शेवटांची पाने काढून ठेवली होती; जेसन २००५ मध्ये कथेत जिवंत होऊन परतला, आणि २०२३ मध्ये तर पराभूत मताचा, म्हणजे तो वाचल्याचा, अंकही प्रकाशकाने छापून विकला. ब्रूस वेनच्या आयुष्यातला सर्वांत मोठा पराभव असा बहात्तर दूरध्वनींवर टांगलेला होता, आणि तरी त्या पराभवाशिवाय नंतरचा बॅटमॅन समजत नाही.

मिलर यांच्या या कथेमुळे, आणि पुढच्या वर्षी त्यांनी डेव्हिड मॅझुकेली या चित्रकारासह मासिकातच केलेल्या ‘यर वन’ या आरंभकथेमुळे, प्रमाणाच्या चर्चेला एक ठरावीक वळण लागले: काळोखा, एकाकी, क्रोधी बॅटमॅन खरा, आणि १९६६ ते १९६८ या काळात अ‍ॅडम वेस्ट यांनी १२० भागांत साकारलेला, भर दिवसा रस्ते ओलांडण्याचे नियम शिकवणारा, रंगीबेरंगी बॅटमॅन ही एक लाजिरवाणी चूक. हे मत अतिशय पसरलेले आहे आणि ते इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. १९४० मध्ये रॉबिन आल्यापासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे पाव शतक, मासिकातला बॅटमॅन प्रामुख्याने उजळ, खेळकर व पितृवत होता; १९५४ मध्ये डॉ. फ्रेडरिक वर्थम यांच्या ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या पुस्तकाने उठवलेल्या वादळानंतर व त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या कॉमिक्स कोड या आचारसंहितेनंतर तो परग्रहवासी व विचित्र यंत्रे यांच्या संगतीत अधिकच निरागस झाला. दूरचित्रवाणी मालिकेने त्या काळच्या मासिकाचा अपभ्रंश केला नव्हता, बऱ्याच अंशी तिने ते मासिक निष्ठेने पडद्यावर आणले होते. उलट, ओ’नील व चित्रकार नील अ‍ॅडम्स यांनी १९७० पासून बॅटमॅनला रात्रीत परत नेले तेव्हा ते १९३९ च्या केवळ पहिल्या वर्षाकडे परत गेले, आणि तेही त्यातली बंदूक व निर्दय मृत्यू वगळून. मुळाकडे जाण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येकाने मुळातून निवड केली आहे. ती निवड सर्जनशील असेल तर तिचे स्वागतच करावे. परंतु तिला शोध म्हणणे, आणि तिच्या नावाने वेस्ट यांच्या बॅटमॅनवर प्रेम करणाऱ्या मुलांना परंपरेबाहेर काढणे, हे योग्य नाही.

विद्वानांनी या प्रश्नाकडे प्रथम सुपरमॅनच्या निमित्ताने पाहिले. उम्बेर्तो एको यांनी १९६२ च्या आपल्या निबंधात असे दाखवले की असा नायक पुराणपुरुषासारखा अचल राहावा लागतो, पण त्याच्या गोष्टी कादंबरीसारख्या नव्या असाव्या लागतात. त्याने काही निर्णायक केले की तो मरणाकडे एक पाऊल टाकतो, म्हणून त्याच्या कथांत काळ विरघळून जातो, आणि प्रत्येक साहस मागच्या साहसाची आठवण न ठेवता सुरू होते. रॉबर्टा पिअर्सन व विल्यम उरिकिओ यांनी १९९१ मध्ये संपादित केलेल्या बॅटमॅनविषयक लेखसंग्रहात पात्राचे काही स्थिर घटक मांडले: गुणविशेष, पुनरावृत्त घटना, सोबतची पात्रे, स्थळ आणि दृश्यचिन्हे. विल ब्रूकर यांनी पुढे या सर्व रूपांचे एक जाळे कल्पिले, ज्यात प्रत्येक नवे रूप जुन्या रूपांतून काही उचलते व काही दाबते. तिन्ही विचार मोलाचे आहेत, परंतु एको यांच्या मांडणीत बसणारा स्मृतिहीन काळ १९८६ नंतरच्या बॅटमॅनला लागू पडत नाही. जेसनच्या मृत्यूची, किंवा १९८८ च्या ‘द किलिंग जोक’मध्ये पंगू झालेल्या बार्बरा गॉर्डन या बॅटमॅनच्या सहकारिणीची आठवण कथांना वर्षानुवर्षे वागवावी लागली. स्थिर घटकांच्या यादीतही गुहा, गॉथम, आल्फ्रेड हे सारे मागाहून आलेले आहेत, म्हणून ती यादी नायकाचे वर्णन करते, त्याचे प्रमाण ठरवत नाही.

ग्रँट मॉरिसन यांनी २००६ ते २०१३ या काळात लेखनातूनच एक उत्तर देऊन पाहिले. १९३९ पासूनच्या सर्व गोष्टी, परग्रहवासी व विचित्र पोशाख धरून, एकाच माणसाच्या साधारण पंधरा वर्षांच्या आयुष्यात खरोखर घडल्या, असे मानून त्यांनी कथा लिहिल्या. १९५८ सालच्या ‘झर-एन-आर्‌’ या ग्रहावरील लाल-पिवळ्या-जांभळ्या बॅटमॅनलाही त्यांनी त्या मनाचा एक राखीव कप्पा म्हणून जागा दिली. या प्रयत्नात औदार्य आहे आणि त्यामुळे तो येथे विशेष आदराने नमूद करावासा वाटतो, कारण त्यात कोणाही जुन्या लेखकाचे श्रम खोटे ठरवले गेले नाहीत. मात्र सर्वसमावेशक बॅटमॅन हाही अखेर मॉरिसन यांचा बॅटमॅन झाला. सगळ्या रूपांना कवेत घेणारे रूप हे त्या रूपांत आणखी एकाची भर घालते.

या साऱ्यातून हाती लागणारे मत असे, की बॅटमॅनची प्रमाण प्रत मागे कोठेही पडलेली नाही. प्रत्येक समर्थ रूप स्वतःचे पूर्वज स्वतः निवडते, आणि ते रुजले की त्याने घातलेली भर आरंभापासूनच होती असे वाचकाला वाटू लागते. परंतु याचा अर्थ सगळी रूपे सारखीच, वाटेल ते चालते, असा मुळीच होत नाही. गोठलेली पत्नी टिकली आणि भ्रमाची पत्नी टिकली नाही, कारण पहिलीने पुढच्या लेखकाच्या हाती लिहिण्यासारखे काही दिले व दुसरीने होते तेही काढून घेतले. न मारण्याचा नियम टिकला, कारण तो मोडण्याचा मोह प्रत्येक पिढीपुढे नव्याने उभा राहतो आणि प्रत्येक पिढीला त्याचे उत्तर शोधावे लागते. ज्या बदलाने त्या गल्लीतल्या शपथेला नवे ओझे दिले तो परंपरेने उचलला; ज्याने ते ओझे हलके केले तो गळून पडला. ही कसोटी कोणी लिहून ठेवलेली नाही, पण संपादक, लेखक, चित्रकार आणि वाचक यांनी मिळून ती इतकी वर्षे वापरली आहे, आणि तिच्या आधाराने एखादे रूप चुकले असे म्हणण्याचा अधिकार वाचकाला निश्चितच आहे. ‘यर वन’ वाचून एखाद्या वाचकाने हाच आपला बॅटमॅन असे ठरवले तर त्यातही काही गैर नाही, फक्त त्याने ‘आपला’ हा शब्द गाळू नये.

प्रश्नाची एक बाजू लवकरच वाङ्मयाच्या हातून कायद्याच्या हाती जाणार आहे. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार १९३९ मध्ये प्रकाशित झालेल्या अशा साहित्यावरील हक्क पंच्याण्णव वर्षांनी संपतो, म्हणून १ जानेवारी २०३५ रोजी जांभळ्या हातमोज्यांचा, जोडरेषेसह छापला जाणारा तो पहिला बॅट-मॅन सर्वांसाठी मुक्त होईल, आणि त्याच्याबरोबर तेहतिसाव्या अंकातली ती दोन पानेही. नाव व चिन्ह यांवरचे व्यापारचिन्ह-हक्क त्यानंतरही राहतील. रॉबिन, जोकर व कॅटवुमन यांना, १९४० मध्ये छापलेल्या रूपांपुरते, आणखी एक वर्ष थांबावे लागेल. जाड्या आल्फ्रेडला २०३९ पर्यंत. ओ’नील यांच्या गल्लीला व तिच्यातल्या लेस्ली थॉम्पकिन्सला त्याहून कितीतरी अधिक. ज्या थरांनी हे पात्र वाढत गेले ते थर त्याच क्रमाने, वर्षागणिक, एकेक करून सुटे होतील, आणि २०३५ मध्ये जो कोणी लेखक केवळ १९३९ च्या सामग्रीवर नवी गोष्ट लिहायला बसेल, त्याच्यापाशी एक पोशाख, कंबरपट्टा, अनामिक खुनी, मेणबत्तीच्या उजेडात शपथ घेणारा मुलगा आणि हातात पिस्तूल असलेला एक माणूस एवढेच असेल. त्या माणसाने ते पिस्तूल खाली ठेवावे की नाही, हे त्याला पुन्हा एकदा ठरवावे लागेल.